एफ-सातचा भाडेकरू

नवीन फोल्डर करायचा तर तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एन. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर, शेजारचं बोट वर चढून शिफ्टवर, आणि एनपर्यंत पोचायचं तर एकतर तोच हात फाकवायचा नाहीतर उजव्या हातातला चहाचा कप खाली ठेवायचा. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं, तर एक रिकामा फोल्डर. जगातली बहुतेक माणसं हे निमूटपणे सोसतात. मी सोसत नाही. हेच काम एका बोटाचं होतं, ते दिवस मी पाहिलेत.

१९८६ साली जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर बाजारात आला. मी भोसरीच्या ज्या कारखान्यात स्टोअर्सला चिकटलो, तिथं तो या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर असा मजल दरमजल करत पोचला. कुणी पैसे मोजून आणल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निळा पडदा. डावीकडे एक यादी, उजवीकडे एक यादी आणि तळाशी दहा कळांची नावं ओळीनं लिहिलेली. एफ-३ दाखवा, एफ-४ दुरुस्त करा, एफ-५ नक्कल काढा, एफ-६ हलवा, एफ-७ नवीन घर बांधा, एफ-८ उडवा, एफ-१० दाबा आणि घरी जा. माउस अख्ख्या ऑफिसात एकच होता, तो साहेबांच्या टेबलावर, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल घातलेला असे.

बोटांना एकदा ही सवय लागली की सुटत नाही. मिगेल दि इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्सवाल्यांसाठी मिडनाइट कमांडर काढला तो याच वळणावर. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांचा १९९३ चा विंडोज कमांडर याच घराण्यातला. पुढं ‘विंडोज’ या नावावर मायक्रोसॉफ्टनं हरकत घेतली आणि २००२ मध्ये त्याचा टोटल कमांडर झाला. नाव बदललं, कळांना कुणी हात लावला नाही. पैसे न भरता हा प्रोग्राम वापरणाऱ्याला सुरुवातीलाच एक, दोन, तीन यांपैकी सांगेल तो आकडा दाबावा लागतो. इतर गावांत या जाचाला कंटाळून लोक पैसे भरत असतील. पुण्यात मी अशी माणसं पाहिली आहेत, जी वर्षानुवर्षं रोज सकाळी उत्साहानं ‘दोन’ दाबतात आणि आजही आपण वाचवले म्हणून खूश होऊन कामाला लागतात.

तर मुद्दा असा की मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कोथरूडमधली २४ बिऱ्हाडांची सहकारी गृहरचना संस्था. सेक्रेटरी होणं हा मान आहे असं जे सांगतात, ते कधीच सेक्रेटरी झालेले नसतात. ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही, ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी, ऑडिटरनं काढलेल्या चुकांचा ‘ओ’ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल, लिफ्टचा करार, टँकरची बिलं, आणि ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच असते ती वार्षिक सर्वसाधारण सभा. हे सगळं स्कॅन होऊन सोसायटीच्या लॅपटॉपमध्ये राहतं आणि लॅपटॉप माझ्याकडे राहतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. लॅपटॉप जुना, पुढची आवृत्ती त्याला झेपण्यातली नव्हती. मी नव्या लॅपटॉपचा विषय कमिटीपुढं ठेवला.

खजिनदारांनी विचारलं, “सुरू होतो ना?”

“होतो.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर देणारा सेक्रेटरी अजून जन्माला यायचाय.

शेवटी हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा एका रविवारी आला, साबुदाण्याची खिचडी दोनदा घेऊन खाल्ली आणि जाता जाता त्यात लिनक्स टाकून गेला. फायली बघायला डॉल्फिन नावाचा प्रोग्राम. दारात चपला घालताना तो सहज म्हणाला, “मामा, याच्यात तुम्हाला पाहिजे ती कळ पाहिजे त्या कामाला लावता येते.” माझ्या वयाच्या पुणेकराला हे असं सहज सांगायचं नसतं. जिन्यातून त्यानं “पण फार बदलू नका हं!” असंही ओरडून सांगितलं म्हणे. हिनं ते ऐकलं. मी तोवर सेटिंग्जमध्ये शिरलो होतो.

‘कॉन्फिगर कीबोर्ड शॉर्टकट्स’ म्हणून एक खिडकी आहे. उघडली की कामांची लांबलचक यादी येते. प्रत्येक कामापुढं त्याची कळ, आणि वर आणखी एक पर्यायी कळ ठेवायची सोय. या खिडकीत काय जादू आहे ते समजायला माझं लहानपण थोडं माहीत पाहिजे.

मी नारायण पेठेत वाड्यात वाढलो. आम्ही भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या छत्राखाली वडिलांनी दोन खोल्या अशा काही धरून ठेवल्या होत्या की मालकांच्या तीन पिढ्या ‘काय, कधी सोडताय?’ विचारून थकल्या. भाडं इतकं किरकोळ की ते द्यायला गेलं तर पावतीचा कागद वाया जातो म्हणून मालक चिडत. माळवद गळायचं, जिना हलायचा, पण भाडेकरू हलायचा नाही. ‘खोली रिकामी करून घेणे’ हा शब्दप्रयोग आमच्या वाड्यात फक्त कोर्टाच्या कागदांत वाचायला मिळे.

अशा घरातल्या माणसानं ‘नवीन फोल्डर’पुढं एफ-७ दाबला. लगेच विचारणा झाली की ही कळ सध्या ‘फोल्डर्स पॅनल’कडे आहे, तिथून काढून इकडे द्यायची का? ना नोटीस, ना तारीख, ना शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या. मी होकाराचं बटण दाबलं आणि एफ-७ मधला जुना भाडेकरू भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर आला. मालक असणं म्हणजे काय असतं ते मला वयाच्या उतरणीवर कळलं.

मग मी थांबलो नाही. एफ-५ मध्ये ‘रिलोड’ राहत होता, त्याला काढून ‘कॉपी’ला आणला. एफ-६ वर पत्त्याची पट्टी ताबा धरून होती, तीही गेली, तिथं ‘मूव्ह’ आला. एफ-८ ला ‘कचऱ्यात टाका’. अर्ध्या तासात पुन्हा नॉर्टन कमांडरचं राज्य. फक्त पडदा निळा नव्हता. तोही पुढं मी केला.

हे सगळं हिला दाखवायला बोलावलं. ती हात पुसत आली आणि शांतपणे बघत राहिली.

“वर्षातून किती फोल्डर करता हो तुम्ही?”

“लागतील तसे.”

“मागच्या वर्षी?”

बायकांना आकडेवारीत नको तितका रस असतो. मी विषय बदलून तिला एफ-७ दाबून दाखवला. फोल्डर झाला. “बघ, एक बोट!” मी म्हटलं. ती म्हणाली, “आणि हा आता पुसायला किती?”

खरा प्रश्न हुसकावलेल्यांचा होता. वाड्यात वाढलेल्या माणसाला बेघर केलेल्याची थोडीफार टोचणी लागतेच. शिवाय ‘रिलोड’ हे काम अधूनमधून लागतं. त्याला पर्यायी जागा म्हणून एफ-१२ दिला. दाबून बघितला तर पडद्याच्या वरच्या कडेतून एक काळाकुट्ट चौकोन सर्रकन खाली उतरला आणि त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत बसली. भाच्यानं आपल्या सोयीसाठी याकुआके नावाचं टर्मिनल घालून ठेवलं होतं आणि एफ-१२ ही त्याची वडिलोपार्जित जागा. ते नेमकं खजिनदार पावतीपुस्तक घेऊन आले असताना उतरलं. ते दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, “आपल्या खात्यात किती शिल्लक आहे ते आत्ताच्या आत्ता बँकेत फोन करून विचारा.” त्यानंतर ते पावतीपुस्तक आमच्या घरात एकटं सोडत नाहीत.

आता ‘रिलोड’ला अल्ट-आर दिला. अल्ट-आरवर मी आदल्याच रात्री दुसरं कुणीतरी बसवलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. पर्यायी कळांच्या रकान्यात त्याला एक जादा खोली दिली होती, एवढंच. एका बिऱ्हाडाला दोन खोल्या आणि एका खोलीवर दोन बिऱ्हाडांचा दावा. कळ दाबली की संदेश यायचा: ही कळ संदिग्ध आहे, कोणतीही क्रिया केली जाणार नाही. आमच्या वाड्यातल्या सामायिक मोरीबद्दल नेमका हाच निकाल लागला होता. दोघांचाही हक्क मान्य आणि अंघोळ कुणालाच नाही.

त्यात लॅपटॉपच्या वरच्या ओळीत पोटभाडेकरू. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर एफ-५ म्हणजे एफ-५ असायचा. लॅपटॉपवर त्याच कळांवर बारीक चित्रं काढलेली असतात: सूर्य, कर्णा, विमान. नुसती कळ दाबली तर चित्रातलं काम होतं आणि खरा एफ-५ हवा असेल तर एफ-एन नावाच्या मुकादमाचा हात धरून जावं लागतं. म्हणजे एका बोटाच्या कामाला पुन्हा दोन बोटं! मी त्या एफ-एनला कुलूप घालायची युक्ती शोधून काढली. फक्त ते कुलूप लागलंय की उघडं आहे हे दाबल्याशिवाय कळत नाही.

कमिटीच्या बैठकीत ते उघडं होतं. देखभाल खर्चाच्या पावत्या ऑडिटच्या फोल्डरमध्ये हलवायच्या म्हणून मी रुबाबात एफ-६ दाबला. आमच्या लॅपटॉपवर एफ-६ वर कर्णा आहे. काही हलेना म्हणून पुन्हा दाबला, मग जरा जोरात, मग दाबूनच धरला. आवाज शेवटच्या टोकाला गेला. एरवी यानं काही बिघडलं नसतं, पण मागच्या कोजागरीला अध्यक्षांनी गच्चीवर म्हटलेल्या नाट्यपदाचं रेकॉर्डिंग कुणीतरी अर्ध्यात थांबवून ठेवलं होतं, आणि आवाज खाली आणायला म्हणून मी जी कळ दाबली तिच्यावर त्रिकोण होता. तानेच्या मध्यापासून सुरू झालं. ‘बी’ विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं रडायला लागलं. खाली वॉचमननं फाटक उघडलं, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. मी सूर्य, विमान, कर्णा, हाताला येईल ते दाबत होतो.

अध्यक्षांनी डोळे मिटले होते. “राहू द्या,” ते म्हणाले, “अंतरा येऊ द्या.”

याच सुमारास मी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे मागाल ते मिळतं, आणि जे मागायला गेलो नव्हतो तेही मिळतं. मला एचडीएमआयची वायर हवी होती. मी वायर आणि कीबोर्डवर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांचा एक तक्ता घेऊन आलो. सोसायटीची इतिवृत्तं मराठीत असतात, अक्षरं दिसली तर सोय होईल, हा हेतू. गोंद चांगला होता. इंग्रजी अक्षरं पूर्ण झाकली गेली.

हिला तिच्या भिशीची यादी एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यायची होती.

“अहो, कॉपीची सी कुठं गेली?”

“म दाब.”

“काय?”

“कंट्रोल-म. म्हणजे कॉपी.”

“आणि पेस्ट?”

“कंट्रोल-न.”

“हे कुणी ठरवलं?”

“केंद्र सरकारनं. १९८६ साली.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, पण यात माझं काही पदरचं नाही. इन्स्क्रिप्ट या कळफलकाचं प्रमाणीकरण केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्येच केलं, म्हणजे इकडे नॉर्टन कमांडर आणि तिकडे हा, एकाच वर्षाची भावंडं. त्याचा प्रसार करणारी सी-डॅक १९८८ पासून आपल्याच पुण्यात आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच मांडणी. इतकी शहाणी मांडणी की आजूबाजूला विचाराल तर बहुतेक मराठी माणसं अजून मोबाइलवर इंग्रजीत ‘कसा आहेस’ लिहून मराठी उमटवतात. सी जिथं असते तिथं म येतो आणि व्ही जिथं असते तिथं न, याला सरकारचा इलाज नव्हता.

तसा मुळात सीला सी तरी का, याचं उत्तर लॅरी टेस्लर यांच्याकडं होतं. कापा, नक्कल करा, चिकटवा हा प्रकार त्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात रुजवला आणि पुढं अ‍ॅपलमध्ये नेला. कळफलकाच्या खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही शेजारी शेजारी बसतात, सगळी डाव्या हाताच्या टप्प्यात. एकच कळ एका वेळी एक काम करते आणि दुसऱ्या वेळी दुसरंच, या प्रकाराला संगणकवाले मोड म्हणतात. टेस्लर यांना त्याचा इतका तिटकारा की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नो मोड्स’ होतं. आपल्याकडे ४१४१ चा ‘दादा’ करून मिरवतात, त्यापेक्षा हे बरं. २०२० मध्ये ते वारले. आमचा लॅपटॉप त्यांना पाहावा लागला नाही.

दुसरे थोर गृहस्थ आयबीएमचे डेव्हिड ब्रॅडली. कंट्रोल-अल्ट-डिलीट त्यांचं. संगणक नव्यानं सुरू करायची ती कळ त्यांनी मुद्दाम अशी बसवली की चुकून हात लागून काही होऊ नये, दोन्ही हात कामाला लागावेत. आता या विचारसरणीच्या माणसाशी माझं पटणं शक्य नाही. माझ्या मते दोन हात लागणं हाच तर रोग. मी ‘कायमचं पुसून टाका’ हे कामही शिफ्टच्या जाचातून सोडवून एका बोटावर आणलं. हिनं त्या कळीवर रातोरात एक जाड टिकली चिकटवली. लाल, मोठी. कीबोर्डला कुंकू लागल्यावर अध्यक्षांना वाटलं खंडेनवमीची पूजा झाली, आणि त्यांनी नमस्कार केला.

कळा नीट लागल्यावर नावांचा प्रश्न आला. वार्षिक सभेचं इतिवृत्त म्हणजे एक मसुदा नसतो. माझा मसुदा ‘अंतिम’, अध्यक्षांच्या दुरुस्त्यांचा ‘अंतिम-२’, खजिनदारांनी आकडे बदलून पाठवलेला ‘खरा अंतिम’, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ‘त्यावर सभागृहात हशा पिकला’ हे वाक्य वगळून पाठवलेला ‘अंतिम अंतिम’. कोणता कुठला हे कळेना. तेव्हा मला पुण्यानं हा प्रश्न कधीच सोडवलाय याची आठवण झाली. पुण्यात मारुती उदंड, म्हणून जुन्या लोकांनी प्रत्येकाला स्वतंत्र ओळख दिली. पत्र्या, डुल्या, जिलब्या, सोन्या, भिकारदास. दोनशे पावलांवर दुसरा मारुती असला तरी पत्रवाला चुकत नाही. मी माझा मसुदा ‘जिलब्या’ केला, अध्यक्षांचा ‘पत्र्या’, खजिनदारांचा ‘भिकारदास’ (त्यांना हे सांगितलेलं नाही) आणि वकिलांचा ‘डुल्या’.

व्यवस्था उत्तम चालली. फोनवर “तुमचा मुद्दा डुल्यात घेतलाय” एवढं म्हटलं की वकील समजत. फक्त ऑडिटर आले त्या दिवशी माझा घसा बसला होता आणि लॅपटॉपशी हिला बसवलं होतं. ऑडिटरनी मंजूर इतिवृत्त मागितलं. ही म्हणाली, “जिलब्या आहे, पत्र्या आहे. भिकारदास मात्र यांनी उघडू नका म्हणून सांगितलंय.” ऑडिटरनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा सगळा वेळ ते हिशोब हातानं लिहिलेल्या वहीतून तपासत होते. त्यांच्या अहवालात ‘संस्थेचे दप्तर देवादिकांच्या भरवशावर असल्याचे दिसते’ असं वाक्य नव्हतं, पण दोन परिच्छेदांच्या मधे ते वाचता येत होतं.

इथं एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. मला सेक्रेटरीपद सोडायचं होतं. दर वर्षी मी सभेत “आता तरुणांनी पुढं यावं” म्हणतो आणि तरुण मागच्या खुर्च्यांवरून आणखी मागं सरकतात. या वर्षी मात्र जो कुणी घ्यायला आला, तो लॅपटॉपपर्यंत येऊन परत गेला. एकानं फाइल उघडायला म्हणून एंटर दाबलं, एवढ्यावरच त्याला पुण्याबाहेर बदली मागावीशी वाटली. मी प्रत्येकाला समजावत होतो की फार सोपं आहे, दोन आठवडे रोज बसा, फक्त जुनं सगळं विसरून या. आमच्या सोसायटीत मी बिनविरोध निवडून येतो ते माझ्या लोकप्रियतेमुळे, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यात मीही होतो.

शेवटी तळमजल्यावरच्या ताई उठल्या. ताई सरकारी कचेरीतून निवृत्त. तरुणपणी टंकलेखनाच्या सरकारी परीक्षा त्यांनी मराठी ४० आणि इंग्रजी ६० शब्दांच्या वेगानं दिलेल्या. गोदरेजनं १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला, आणि ताईंच्या कचेरीतलं यंत्र त्याच्या फार पुढचं नसावं, कारण त्यांची बोटं अजून कळ दाबत नाहीत, हाणतात. लॅपटॉपची मान त्यांच्यापुढं थरथरायला लागली.

मी म्हटलं, “ताई, अक्षरांवर मराठी चिकट्या आहेत, बघून दाबा.”

“बघून?” ताईंनी विचारलं. त्या एका शब्दात टंकलेखन संस्थेतले सगळे मास्तर माझ्यावर हसले.

ताई बघत नव्हत्या. ताई भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत होत्या आणि बोटं आपापल्या वाटेनं चालली होती. आयुष्यभराच्या शिस्तीप्रमाणे त्या दर ओळीला कंट्रोल-एस दाबत. माझ्या राज्यात कंट्रोल-एस म्हणजे नवा टॅब, कारण टीपर्यंत बोट ताणायला मला आवडत नाही. पाच मिनिटांत वरच्या पट्टीत टॅबांची रांग लागली आणि प्रत्येकाचं नाव आकसून एकेका अक्षरावर आलं. मग त्यांनी एफ-५ दाबला, एफ-८ दाबला, टिकलीवर बोट ठेवलं. मी आणि ही, आम्ही दोघंही एकदमच ओरडलो.

ताईंनी हात मांडीवर घेतले. मग ती शॉर्टकटांची खिडकी उघडायला सांगितली आणि ती खालून वर वाचायला सुरुवात केली. सरकारी माणूस कागद खालूनच वाचतो, आधी सही कुणाची ते बघतो. तळाशी एक बटण होतं, ‘डिफॉल्ट्स’. मी ते रोज पाहत होतो आणि दुर्लक्ष करत होतो. ताईंनी ते हाणलं.

क्षणात सगळे मूळ भाडेकरू आपापल्या खोल्यांत परत. ‘रिलोड’ एफ-५ मध्ये, पत्त्याची पट्टी एफ-६ वर, फोल्डर्स पॅनल एफ-७ मध्ये, कुणाचा एक तांब्यासुद्धा हरवला नव्हता.

“झालं,” ताई म्हणाल्या. “आता कुणालाही चालेल.”

कमिटीनं टाळ्या वाजवल्या. ताईंना सहसचिव करण्याचा ठराव झाला, सूचक खजिनदार, अनुमोदक सगळेच. मी वाद घातला नाही. त्याच खिडकीत आपली व्यवस्था योजना म्हणून नावानं साठवून ठेवायची सोय आहे, आणि माझी ‘जिलब्या’ या नावानं आत सुखरूप होती.

दोन-चार दिवसांनी जिन्यात ताई भेटल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “सेक्रेटरी, एक विचारू? नाव बदलायला ते एफ-२ फार वर पडतं हो. आमच्यात मधल्या ओळीवरून बोट उचलायचं नाही असा नियम. ते जरा खाली आणता येईल?”

मी त्यांना खिडकी दाखवली. एवढंच केलं. संध्याकाळी आत दुसरी योजना होती, ‘ताई’ नावाची, आणि तिच्यात बदललेलं काम एक नव्हतं. खजिनदारांना हे कुठून तरी कळलं. त्यांनी मला फाटकात गाठलं.

“या योजनेला पैसे पडतात का?”

“नाही.”

“मग माझी पण करून ठेवा एक. वापरीन न वापरीन.”

आता लॅपटॉप हाती घेतला की आधी कुणाची योजना चालू आहे ते विचारावं लागतं. वकिलांनी लेखी विचारलंय. मी म्हटलं, हा विषय ३० सप्टेंबरच्या आत सभेपुढं घेऊ, ‘संस्थेच्या लॅपटॉपवरील कळांचे धोरण ठरविणे’ म्हणून विषयपत्रिकेत टाकलाही आहे. काल रात्री उशिरा अध्यक्षांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

“सेक्रेटरी, त्या दिवशी माझं पद लागलं होतं ना, ती कोणती कळ?”

“त्रिकोणाची, पण—”

“ती तेवढी माझ्यासाठी राखून ठेवता येईल का?”

“रीतसर ठराव आणा,” मी म्हटलं. “अनुमोदन मी देतो.”